स्कॉटलंडमध्ये उघड्यावर टोमॅटो लावायचे असतील तर

मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी एडिंबरात सलग तीन दिवस लख्ख ऊन पडलं. खिडकीत वाढवलेली माझी चौदा टोमॅटोची रोपं वीतभराहून उंच झाली होती, दोन-तीन रोपांना कळ्याही दिसत होत्या. शनिवारी सकाळी सगळी उचलली आणि थेट परसातल्या वाफ्यात लावून टाकली. सोमवारी संध्याकाळी पानांवर, शिरांच्या मधल्या भागात, पांढरे चट्टे होते. हात लावला तर पान भाजलेल्या पापडासारखं मोडलं. बुधवारी पूर्वेचा वारा सुटला आणि रविवारपर्यंत नऊ रोपं गेली. उरलेली पाच तीन आठवडे जागची हलली नाहीत. त्यांचा पहिला टोमॅटो लाल व्हायला सप्टेंबर उजाडला. मार्चपासूनची मेहनत दोन दिवसांत गेली ती एकाच गोष्टीमुळे: मी रोपांना बाहेरच्या हवेचा सराव दिला नव्हता. पुढे सांगितलेलं बाकीचं थोडं मागेपुढे झालं तरी चालेल. सराव चुकवू नका.

आधी जात ठरवा, कारण इथे निम्मं काम तिथेच होतं. एडिंबरा 56 अंश उत्तरेला आहे. जुलैत दुपारचं तापमान सरासरी 19 अंशांच्या आसपास असतं आणि टोमॅटोला पिकायला त्याहून जास्त ऊब आवडते. त्यामुळे मोठ्या, मांसल फळांच्या जाती उघड्यावर लावू नका. ऑक्टोबरात झाडावर हिरवे गोळे लटकलेले बघावे लागतात. लहान फळांच्या, लवकर येणाऱ्या जाती घ्या. सनगोल्ड, गार्डनर्स डिलाइट, झुडपासारखी पसरणारी रेड अलर्ट, नाहीतर चेक प्रजासत्ताकातली स्टुपिस. पाऊस फार असेल तर क्रिमसन क्रश, ती करपा रोगाला बरीच दाद देत नाही. ‘थंडीला चालणारी’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी ते मोठ्या झाडाबद्दल असतं. खिडकीतल्या कोवळ्या रोपाला सराव लागतोच, जात कुठलीही असो.

बी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पेरा. त्याआधी नको. फेब्रुवारीत हात शिवशिवतात हे मला माहीत आहे, पण त्या उजेडात रोपं नुसती लांबतात, काडीसारखी बारीक होतात आणि बाहेर न्यायला अजून तीन महिने असतात. 20 अंशांच्या आसपास ऊब मिळाली की आठवड्या-दहा दिवसांत बी उगवतं. खरी पानं आली की एकेक रोप वेगळ्या कुंडीत. कुंडी रोज फिरवायची. माती, कुंड्या, झारी याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र आत असतानाच सुरू करा. दिवसातून दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवा, वाऱ्याची झुळूक जावी तसा. हलत्या रोपाचं खोड आखूड आणि जाड होतं. घरात वारा नसतो, म्हणून रोपाला खोड भक्कम करायचं कारणच मिळत नाही. मग बाहेरच्या पहिल्याच झोताला ते आडवं होतं.

आता सराव. माझं गाव जुन्नरकडचं, नारायणगावचा टोमॅटो बाजार तिथून जवळ. आजोबा लागवडीच्या आठवडाभर आधी रोपांचं पाणी तोडायचे, वरची सावली काढायचे आणि म्हणायचे, “पोरी, काटक झाल्याशिवाय रोप रानात न्यायचं नाही.” लहानपणी शंभरदा पाहिलेली गोष्ट, पण मला वाटायचं ती तिकडच्या कडक उन्हासाठी असते. इथलं ऊन सौम्य, इथे कशाला? तिथेच चुकलं. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, पण सूर्याचे तीव्र अतिनील किरण (यूव्ही-बी) बहुतेक अडतात. काचेमागे वाढलेल्या पानाची वरची मेणासारखी साय पातळ राहते. उन्हाची आणि वाऱ्याची त्याला ओळखच नसते. बाहेर नेलं की ऊन पान भाजतं, वारा त्यातलं पाणी ओढून घेतो आणि कोवळी मुळं तेवढं पाणी पुरवू शकत नाहीत. ऊन सौम्य दिसतं म्हणून फसू नका. मेच्या शेवटी आणि जूनमध्ये इथे दिवस सतरा तासांचा असतो.

सरावाला पूर्ण दोन आठवडे ठेवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात लावायचं असेल तर मेच्या तिसऱ्या आठवड्यात सुरुवात. कॅलेंडरवर आजच लिहा. मी लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी एक तास, भिंतीच्या आडोशाला, सावलीत. दुसऱ्या दिवशी दोन तास. असं वाढवत चौथ्या-पाचव्या दिवसापासून सकाळचं कोवळं ऊन, दुपारचं नाही. आठवडा झाला की दिवसभर बाहेर, संध्याकाळी आत. शेवटच्या तीन-चार दिवशी रात्रीही बाहेर, पण रात्रीचं तापमान 10 अंशांच्या खाली जाणार असेल तर आत आणायचं. कंटाळा येतो, मान्य आहे. रोज चौदा कुंड्या आत-बाहेर करायच्या म्हणजे ऑफिसला निघायच्या घाईत एक काम वाढतं. सगळ्या कुंड्या एका मोठ्या ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे एकाच खेपेत होतं. तेही जमणार नसेल तर रोपं कमी लावा. सरावलेली चार रोपं न सरावलेल्या चौदांपेक्षा जास्त फळं देतात.

मध्येच हवा बिघडली तर त्या दिवशी बाहेर नेऊ नका आणि आदल्या दिवसाच्या तासांपासून पुन्हा सुरू करा. एडिंबरात वसंतात नॉर्थ सीवरून थंड धुकं येतं, इथले लोक त्याला हार म्हणतात. सकाळी ऊन असतं आणि दुपारी तासाभरात हुडहुडी भरते. त्या दिवशी ऑफिसात असाल तर रोपं बाहेर नकोत. शनिवार-रविवार गाठून सरावाला सुरुवात केली तर पहिले नाजूक दिवस घरीच असता.

दुकानातून तयार रोपं आणली तरी हेच. विचारा: ही ग्रीनहाऊसमधून आली की बाहेर ठेवलेली होती? उत्तर गोलमाल आलं तर ग्रीनहाऊसमधली समजा आणि सराव द्या. माझ्या शेजारीणबाईंनी तीन धष्टपुष्ट रोपं आणून त्याच दिवशी लावली, त्यांचीही पानं पांढरी पडली. दाट हिरवं, मऊ, लुसलुशीत रोप दिसलं की भुलू नका. सरावलेल्या रोपाची पानं किंचित जाड आणि गडद होतात, खोड टणक लागतं. बोटांत धरून बघा, कळतं. पानाच्या पाठीवर आणि खोडावर जांभळट छटा आली तर तो रोग नव्हे. थंड मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही, त्याची ती खूण. ऊब वाढली की जाते, पण तोपर्यंत लावायची घाई करू नका.

जागा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतची घ्या. भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ऊब सोडते. वाफ्यावर आठवडाभर आधी काळं प्लास्टिक अंथरलं तर माती तापते. रोप पहिल्या पानांपर्यंत खोल लावा, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. काठी लावतानाच रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात. पहिले काही दिवस रात्री बागेचं पांढरं विरविरीत कापड टाका. हे कापड सरावाच्या बदल्यात चालत नाही, सरावानंतरच.

पुढचं थोडक्यात. उंच वाढणाऱ्या जातींची बगलफूट (पान आणि खोडाच्या बेचक्यात येणारी फूट) दर आठवड्याला खुडा, झुडपी जातींची नाही. चार घोस धरले की ऑगस्टच्या सुरुवातीला शेंडा मोडा, त्यावरची फुलं इथे पिकायची नाहीत. पहिला घोस धरला की आठवड्यातून एकदा पालाशयुक्त (पोटॅशचं) खत. पाणी बुंध्याशी, पानांवर नाही.

पानांवर नाही, कारण करपा. 1845 साली आयर्लंडमधला बटाटा ज्याने बुडवला तोच हा रोग, टोमॅटो बटाट्याच्याच कुळातला. शेजारी कोणी बटाटा लावला असेल तर जुलैपासून लक्ष ठेवा. सलग दोन दिवस तापमान 10 अंशांच्या खाली न जाता रोज किमान सहा तास हवेतली आर्द्रता 90 टक्के राहिली की धोका. 2017 पासून इथे वापरात असलेला हटन निकष तो हाच. तपकिरी डाग दिसलेली पानं लगेच काढा, कंपोस्टच्या ढिगात टाकू नका.

सप्टेंबरच्या मध्यापासून रात्री थंड व्हायला लागतात. हिरवी फळं घरात आणा, कागदी पिशवीत केळ्याबरोबर ठेवा, त्यातली बरीचशी पिकतात. जी पिकणार नाहीत त्यांची दाण्याचं कूट घालून चटणी करा, लसणाची फोडणी द्या.

आणि ट्रे आत्ताच घेऊन ठेवा. मेमध्ये मिळत नाहीत.