डिस्नेचे रीसेल पॉइंट्स घेताय? या चुका टाळा

डिस्ने व्हेकेशन क्लब ही डिस्नेची टाइमशेअर योजना. एका रिसॉर्टचा लांब मुदतीचा करार घ्यायचा, त्यावर दरवर्षी पॉइंट्स मिळतात आणि ते खर्चून रिसॉर्टमध्ये राहायचं. असा करार डिस्नेऐवजी जुन्या सभासदाकडून घेतला की ते रीसेल. या रीसेलच्या जाहिरातीत नजर आधी जाते ती एका पॉइंटच्या भावावर. भाव कमी का, हे मात्र खालच्या बारीक ओळींत असतं.

आधी मुदत बघा. बीच क्लब, बोर्डवॉक, बोल्डर रिज या रिसॉर्ट्सचे करार ३१ जानेवारी २०४२ ला संपतात. बे लेक टॉवरचा २०६० ला. हिशेबापुरते भाव धरू. १५० पॉइंट्स ९० डॉलरने घेतले तर १३,५०० डॉलर, १२० डॉलरने घेतले तर १८,०००. पहिला करार २०४२ चा, दुसरा २०६० चा. २०२६ पासून वापरले तर पहिल्यात १६ वर्षांचे पॉइंट्स मिळतात, दुसऱ्यात ३४ वर्षांचे. म्हणजे वापरलेला पॉइंट पहिल्यात साधारण ५.६० डॉलरला पडला आणि दुसऱ्यात ३.५० ला. स्वस्त कुठला, ते तुम्हीच बघा. वर दरवर्षीचे ड्यूज, म्हणजे देखभालीचे पैसे, वेगळे. व्हेरो बीच रिसॉर्टचा भाव बघून हुरळून जाण्याआधी तिथले ड्यूज बघा, उत्साह आपोआप उतरतो.

‘होम रिसॉर्ट कुठलंही घ्या, सात महिन्यांवर हवं तिथे बुक करता येतं’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो. होम रिसॉर्ट म्हणजे ज्याचा करार तुम्ही घेतलात ते. त्याचं बुकिंग चेक-इनच्या ११ महिने आधी उघडतं, बाकीच्यांचं ७ महिने आधी. मधल्या चार महिन्यांत अॅनिमल किंगडमच्या व्हॅल्यू खोल्या आणि बोर्डवॉकचे स्टँडर्ड व्ह्यू स्टुडिओ बहुतेक संपलेले असतात. डिसेंबरच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी तर सात महिन्यांवर विसंबूच नये. जिथे दरवर्षी राहावं लागलं तरी कुरकुर होणार नाही, तेच होम रिसॉर्ट घ्या.

रिव्हिएरा रिसॉर्टबाबत जास्त जपा. १९ जानेवारी २०१९ पासून रीसेलमध्ये घेतलेले जुन्या १४ रिसॉर्ट्सचे पॉइंट्स त्या १४ मध्येच चालतात. रिव्हिएराचे रीसेल पॉइंट्स फक्त रिव्हिएरातच. पुढे विकायला निघालात की गिऱ्हाईकही हाच मुद्दा काढणार.

सगळ्यात जास्त घोळ यूज इयरचा, म्हणजे करारातलं पॉइंट्सचं वर्ष कुठल्या महिन्यात सुरू होतं त्याचा. उदाहरणार्थ, यूज इयर फेब्रुवारीचं आणि तुम्ही जाता डिसेंबरमध्ये. पॉइंट्स पुढच्या वर्षात ढकलायचे, म्हणजे बँक करायचे, तर ते यूज इयरच्या पहिल्या आठ महिन्यांतच करता येतं. इथे ३० सप्टेंबरपर्यंत. ऑक्टोबरमध्ये मुलाची परीक्षा निघाली, ट्रिप रद्द केली, की पॉइंट्स अडकले. ३१ जानेवारीच्या आत कुठेतरी वापरा, नाहीतर गेले. तेच यूज इयर डिसेंबरचं असतं तर हातात जुलैअखेरपर्यंत वेळ होता. दिवाळीत जाणाऱ्यांना ऑगस्ट किंवा सप्टेंबर सोयीचा. आधीचा करार असेल तर नवाही त्याच यूज इयरचा घ्या. नाहीतर दोन वेगळी खाती होतात आणि पॉइंट्स एकाच बुकिंगला सरळ जोडता येत नाहीत.

‘१५० पॉइंट्स’ म्हणजे दरवर्षी मिळणारे, आज खात्यात असलेले नव्हेत. चालू वर्षाचे शून्य, पुढच्याचेही आगाऊ उचलून वापरलेले, असे रिकामे करार बाजारात भरपूर असतात. ऑफर देताना वर्षवार शिल्लक लेखी मागा. विक्रेत्याने वापरून संपवलेल्या पॉइंट्सचे ड्यूज तुम्ही भरायचे नाहीत, हेही करारात लिहून घ्या. तो ऐकत नसेल तर तेवढा भाव पाडा.

ऑफर मान्य झाली म्हणजे सौदा झाला असं नाही. त्याच भावाने तो करार स्वतः घेण्याचा पहिला हक्क डिस्नेचा असतो. डिस्नेने घेतलाच तर तुमची अनामत परत मिळते, गेलेला वेळ मिळत नाही. डिस्नेने हक्क सोडल्यावर कागदपत्रं, पैसे, डीडची (मालकीच्या दस्ताची) नोंदणी, मग सभासद क्रमांक. या सगळ्यात आठवडे जातात. तोवर बुकिंग विक्रेत्याच्याच हातात असतं. म्हणून ऑगस्टमध्ये फेब्रुवारी यूज इयरचा करार घेत असाल, तर उरलेले पॉइंट्स ३० सप्टेंबरपूर्वी विक्रेत्याने बँक करावेत, अशी ओळ ऑफरमध्येच घाला.