हडसनवरून उडण्याआधी

पुण्याहून पाहुणे आले की त्यांना मॅनहॅटन वरून दाखवायचं, हा न्यू जर्सीतल्या आमच्यासारख्या हौशी पायलटांचा ठरलेला कार्यक्रम. विमानाचं बुकिंग करण्याआधी लॉगबुक, म्हणजे आपल्या उड्डाणांची नोंदवही, उघडा. प्रवासी न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झालेली हवीत. नसतील तर आधी एकट्याने चकरा मारून या. पैशांचंही तेव्हाच बोलून घ्या. काका प्रेमाने सगळं बिल भरायला निघतात, पण खासगी लायसन्सवर आपला वाटा आपणच भरायचा असतो. चौघे बसलो तर किमान चौथा हिस्सा आपला. यात मुरवत नाही.

दाट वस्तीवरून जाताना २००० फुटांच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्याहून १००० फूट वर राहायचं, आणि इंजिन बंद पडलं तरी खालच्या माणसांना इजा न होता उतरता येईल एवढी उंची हवी, हे लायसन्सच्या अभ्यासात आपण घोकलेलं असतं. मॅनहॅटनवर मात्र डोक्यावर मोठ्या विमानतळांचं क्लास बी आकाश, म्हणजे कंट्रोलरच्या परवानगीशिवाय शिरता न येणारा भाग, खाली इमारती. म्हणून हडसन नदी. हडसनवर १३०० फुटांखाली कंट्रोलरच्या परवानगीशिवाय जाता येतं, पण त्या पट्ट्याचे नियम वेगळे आहेत.

हे नियम एका अपघातानंतर आले. ८ ऑगस्ट २००९ रोजी इथेच एक पायपर बनावटीचं छोटं विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळलं, ९ जण गेले. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरपासून नियम लागू झाले: नुसतं पार जाणाऱ्याने १००० फूट किंवा वर, पण १३०० च्या खाली. १००० च्या खाली हेलिकॉप्टरांची वर्दळ. म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम ३०० फूट. म्हणून माझ्या यादीत सर्वांत वर अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, आहे. त्याचं हवेच्या दाबाचं सेटिंग ०.१० इंच चुकलं की १०० फुटांचा फरक पडतो. निघताना लावलेला आकडा पुरेसा मानू नका. पट्ट्यात शिरण्याआधी जवळच्या विमानतळाचं ताजं एटीआयएस (रेडिओवरची हवामानाची ध्वनिमुद्रित माहिती) ऐका आणि पुन्हा लावा. मी ११०० धरतो. वर-खाली थोडी चूक खपते.

आदल्या रात्री न्यूयॉर्कचा टर्मिनल एरिया चार्ट, म्हणजे पायलटांचा नकाशा, तपासा. तो चालू आवृत्तीचा आणि विमानात असणं सक्तीचं आहे. मग नोटॅम (पायलटांसाठीच्या ताज्या सूचना), आणि यँकीज या बेसबॉल संघाचं वेळापत्रक! सामन्याच्या तासभर आधीपासून संपल्यावर तासभरापर्यंत स्टेडियमभोवती ३ नॉटिकल मैल आणि ३००० फुटांपर्यंत बंदी असते, आणि यँकी स्टेडियमपासून नदी तेवढी लांब नाही. सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांची आमसभा असली तर बेत पुढे ढकला.

लाइफ जॅकेट आपल्या खासगी उड्डाणाला सक्तीचं नाही, मी नेतो. इंजिन बंद पडलं तर ११०० फुटांवरून सेस्ना १७२ (आपलं चार जणांचं छोटं विमान) हवेत दीड-पावणेदोन नॉटिकल मैल तरंगत जाईल, म्हणजे उतरायचं पाण्यातच. पाहुण्यांना ते बसण्याआधी घालायला लावा, दार कसं उघडायचं ते दाखवा, आणि मी हात वर केला की गप्प बसायचं हेही सांगा. काकूंना पहिल्यांदा राग येतो.

सकाळी इंधन नेहमीपेक्षा जास्त भरा. दिवसाच्या उड्डाणाला ३० मिनिटांचा राखीव साठा कायद्याने हवाच. हवा धूसर असेल तर मी जात नाही. किती लांबचं दिसायला हवं याचा नियमातला किमान आकडा भागतो म्हणून निघणारे असतात, त्यांच्याशी वाद घालत बसू नये.

इंजिन सुरू होण्याआधी रेडिओवर १२३.०५, म्हणजे या पट्ट्यातल्या सगळ्यांची सामाईक फ्रीक्वेन्सी, लावून ठेवा. वेग १४० नॉटच्या आत, आणि दिवे भरदिवसाही चालू. उत्तरेकडे जाताना पूर्व किनारा धरायचा, दक्षिणेकडे येताना पश्चिम. अल्पाइन टॉवर, जॉर्ज वॉशिंग्टन पूल, इंट्रेपिड हे संग्रहालय झालेलं जहाज, स्वातंत्र्यदेवता, व्हेराझानो पूल अशा खुणांवर आपण कुठे आहोत ते स्वतःहून सांगायचं: विमानाचा प्रकार, रंग, जागा, दिशा, उंची. तोंडात बसेपर्यंत आदल्या रात्री मोठ्याने म्हणा. "पांढरं-निळं सेस्ना, अल्पाइन टॉवर, साउथबाउंड, अकराशे." अर्थात इंग्रजीत. माझी मुलगी मराठीतच म्हणून दाखवते.