जुन्या लॅपटॉपचं वाय-फाय सारखं तुटतंय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात मेहुण्याचा लॅपटॉप माझ्याकडे आला. २०१३ चा, बाकी ठणठणीत, पण वाय-फाय दर दहा-पंधरा मिनिटांनी जायचं. तोवर दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं, केबलवाल्याशी भांडून झालं होतं आणि नवा राउटरही घरात आला होता. दोष यातल्या कशातच नव्हता, तो बिजागरीत होता. त्यावर येतोच.

नेट गेलं की आपण आधी फोन लावून मोकळे होतो, ही पहिली चूक. फोन लावायच्या आधी मोबाइल डेटा बंद करून बघा: त्याच जागी, त्याच वाय-फायवर फोनचं नेट चालतंय का? चालत असेल तर केबलवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. मग लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि राउटरलाच पिंग लावा, म्हणजे ping लिहून पुढे त्याचा पत्ता द्या; लॅपटॉप राउटरला 'आहेस का?' असं विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. राउटरचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या बुडाखालच्या स्टिकरवर सापडतो. पत्त्यानंतर स्पेस देऊन डॅश टी लिहिलं की आपण थांबवेपर्यंत पिंग चालू राहतं. दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला, म्हणजे घराबाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, असंच पिंग लावून ठेवा. नेट गेल्यावर दोन्हीकडे 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, तर गोची लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये आहे. राउटर नीट उत्तरं देतोय आणि फक्त ८.८.८.८ गप्प झालंय, तर खुशाल फोन लावा. पाच मिनिटांचं हे काम सोडून लोक थेट फॉरमॅटला का हात घालतात, मला कधी कळलेलं नाही.

चार्जर काढला की तुटतं? मग बॅटरी वाचवायच्या नादात विंडोजच कार्ड झोपवत असण्याची शक्यता मोठी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली वाय-फाय कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करू देण्याची टिक काढा. तो टॅब दिसत नसेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टर सेटिंग असतं. तिथे 'ऑन बॅटरी'लाही मॅक्झिमम परफॉर्मन्स ठेवा.

ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून देणारी फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका. जुन्या कार्डाला सगळ्यात नवा ड्रायव्हर मानवतोच असं नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून मिळेल तोच घ्या. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' करून बघा.

नवा राउटर घेतला आणि लॅपटॉपला नेटवर्कच दिसेना, अशी तक्रारही येते. जुन्या कार्डांपैकी कित्येकांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, ५ गिगाहर्ट्झचं नाव त्यांच्या यादीत येणारच नाही. काहींना २.४ मधलेही १२ आणि १३ हे चॅनेल दिसत नाहीत. राउटर 'ऑटो'वर असेल आणि तिथे जाऊन बसला, की लॅपटॉपपुरतं वाय-फाय गायब! चॅनेल हाताने १, ६ किंवा ११ ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. राउटरमध्ये वाय-फायच्या पासवर्डची सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए३ (नवी पद्धत) असेल तर जुनी डब्ल्यूपीए२ही चालेल असं करा. आणि राउटर लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीमागे नको, हे वेगळं सांगायला नको.

आता बिजागरी. वाय-फाय कार्ड लॅपटॉपच्या पोटात असतं, पण त्याचा अँटेना बहुतेक मॉडेलमध्ये स्क्रीनच्या वरच्या कडेला. दोन बारीक वायरी, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून वर जातात. झाकण वर्षानुवर्षं उघडमीट होतं आणि त्या तिथेच झिजतात. मी पिंग चालू ठेवून स्क्रीन हळूहळू मागे कलवली. सरळ उभी होती तोवर २-३ मिलिसेकंदांत उत्तरं; आणखी चार बोटं मागे नेली आणि टाइम्ड आउटची रांग लागली. पुढे ओढली, पुन्हा उत्तरं. मेहुणा लॅपटॉप मांडीवर घेऊन, स्क्रीन पार मागे टाकून बसतो.

स्वतः उघडणार असाल तर आधी बॅटरी काढा. कार्डावरचे मुगाच्या डाळीएवढे सोनेरी कनेक्टर आडवे ओढू नका, सरळ वर उचला. एक तुटला की कार्डच गेलं. कार्ड बदलायचं असेल तर आधी चौकशी करा, कारण काही जुन्या लॅपटॉपचं बायोस (विंडोजच्या आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) ठरावीक कार्डांखेरीज दुसरं कार्ड लावलं तर लॅपटॉप सुरूच होऊ देत नाही.

आम्ही त्या फंदात पडलो नाही, २.४ गिगाहर्ट्झचं साधं यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचं वाय-फाय कार्ड, घेतलं. तीन दिवसांनी फोन: "दाजी, परत तेच. बॅकअप लावला की नेट रांगतं." डोंगल कुठे खोचलंय विचारलं, तर हार्ड डिस्कच्या शेजारी, निळ्या पोर्टात. यूएसबी ३.० च्या डिस्कची आणि तिच्या केबलची खरखर नेमकी २.४ गिगाहर्ट्झमध्येच उतरते. डोंगल पलीकडच्या बाजूला लावायला सांगितलं.