सोलापुरात बसून स्नोबोर्डला धार
गुलमर्गहून आणलेला बोर्ड (बर्फावर घसरायची फळी) गच्चीत दिसला की शेजारचे काका विचारतात, "ह्याचं इथं काय?" धार लावायची, दुसरं काय!

बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचे पट्टे, काढा. बोर्ड कडेवर उभा शिकंज्यात आवळा. मध्ये जुना टॉवेल, त्याला सोलापुरात तोटा नाही. स्टीलच्या कडेवर मार्कर फिरवा. दगडाला आपटून कडक झालेली जागा आधी डायमंड स्टोननं (हिऱ्याची पूड बसवलेल्या घासणीनं) घासा, नाहीतर कानस नुसती घसरते. मग कानस ठरल्या कोनात धरणाऱ्या ८९ अंशांच्या गाईडमधून ती एकाच दिशेनं, हलक्या हातानं ओढा. शाई सगळीकडे एकसारखी गेली की बास. घासलेलं स्टील परत वाढत नाही. तळाकडून नख बाहेर ओढून बघा: अडकलं तर स्टीलचा पापुद्रा राहिलाय, तो ओल्या डायमंड स्टोननं काढा. दोन्ही टोकांची वळणं रबरी स्टोननं जराशी बोथट करा. कोरडं पुसून कडेवर मेण चोळा, पावसाळ्यात गंज धरतो.