मे महिन्यात नव्या कोंबड्या आणताय? या चुका टाळा

नवी कोंबडी घराला लागावी म्हणून तिला आठवडाभर कोंडून ठेवायचे, हे सगळ्यांना ठाऊक असते. ते बरोबरही आहे. पाच-सात रात्री एकाच खुराड्यात झोपली की ती जागा तिची होते. गोची होते ती एप्रिल-मेमध्ये. तेव्हा हा नियम डोळे झाकून पाळला तर कोंबडी घराला लागायच्या आधीच उष्म्याने जाते. गोव्यात डिचोली-सत्तरीकडे पारा ३५ च्या पुढे सरकतो. किनाऱ्याला ३३-३४ दिसतो खरा, पण हवा इतकी दमट की कोंबडीला त्याचा फायदा नाही. तिला घाम येत नाही. तिचे अंग मुळातच ४१-४२ अंशांचे, आणि जादा उष्णता ती चोच उघडून, धापा टाकून बाहेर काढते. दमट हवेत हे धापणे फारसे कामी येत नाही. तेव्हा कोंडायचे जरूर, पण वाऱ्यात.

भर दुपारी आणणे

पाय बांधून, उलटी लटकवून, स्कूटरच्या हँडलवरून कोंबडी आणायची पद्धत अजून आहे. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. उलटी धरली की आतड्यांचा भार श्वासाच्या पिशव्यांवर येतो आणि नेमके जे तिला करायचे आहे, म्हणजे धापणे, तेच जमत नाही. गाडीची बंद डिकी त्याहून वाईट. जाळीचा क्रेट घ्या. एरवी त्यात १० मोठे पक्षी बसत असतील तर या दिवसांत ६-७ च ठेवा. आणायची वेळ पहाटेची किंवा सूर्य मावळल्यावरची. अंधार पडल्यावर पोचलात तर खुराड्यात तास-दोन तास छोटा दिवा चालू ठेवा, म्हणजे त्यांना पाणी सापडेल. त्या रात्री पाणी आधी, खाणे नंतर. हाताळणी, वजन करणे, मुलांना दाखवणे, सगळे दुसऱ्या दिवशी.

खुराडे थंड आहे असे गृहीत धरणे

सर्वांत जास्त पक्षी इथेच जातात, म्हणून यावर थोडे सविस्तर. वर पत्रा, बाजूला चिऱ्यांची भिंत, पुढे एक फळीचे दार, असे खुराडे आपल्याकडे सर्रास दिसते. दुपारी पत्रा तापतो, पण चिरे दिवसभर ऊन पितात आणि ते रात्री उशिरापर्यंत आत सोडत राहतात. मुंगसाच्या भीतीने आपण संध्याकाळी दार लावतो तेव्हाच आत खरी भट्टी पेटलेली असते. सकाळी बसायच्या दांडीखाली मेलेली कोंबडी सापडली, अंगावर जखम नाही, तर आधी ‘काहीतरी चावले’ म्हणू नका. रात्री ९ वाजता खुराड्यात हात घालून बघा.

कोंबड्या आणायच्या आदल्या दिवशीच एक साधी चाचणी करा. दांडीच्या उंचीवर थर्मामीटर टांगा, दुपारी ३ आणि रात्री ९ ला वाचा, आणि त्याच वेळी बाहेर झाडाखालीही वाचा. आतला आकडा २-३ अंशांहून अधिक चढा असेल तर वारा खेळत नाही. मग एक अख्खी बाजू, जमल्यास समोरासमोरच्या दोन बाजू, जमिनीपासून दीड फुटावरून छपरापर्यंत जाळीच्या करा. जाळी अर्धा इंची वेल्डमेशच, म्हणजे सांधे जोडलेली चौकोनी तारजाळीच हवी. षट्कोनी कोंबडीजाळीतून धामण सहज येते आणि मुंगूस ती ओढून फाडते. फळीचे दार उघडे ठेवून आत दुसरे जाळीचे दार बसवले की कोंडणे आणि वारा दोन्ही साधते. छपराखाली सहा इंचांची फट सोडून तीही जाळीने बंद करा, कारण गरम हवा तिथूनच निघते.

सावलीबद्दल एक गोष्ट हमखास विसरली जाते. एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य गोव्याच्या बरोबर डोक्यावर असतो. त्या वेळी भिंतीची सावली भिंतीच्या पायथ्याशीच मरते. शेजारच्या घराची सावली पडते म्हणून निश्चिंत राहू नका. सावली वरूनच यायला हवी. पत्र्यावर बांबूच्या पट्ट्या टाकून हातभर उंचीवर चुडतांचे, म्हणजे माडाच्या झावळ्यांचे, दोन-तीन थर बांधा. चुडते थेट पत्र्यावर टाकलीत तर मधल्या हवेचा फायदा जातो. पत्र्याला चुन्याचे दोन हात दिले तरी फरक कळतो.

ओले गोणपाट जाळीवर लावण्याचा सल्ला घाटावरच्या कोरड्या हवेचा आहे. आपल्याकडे वारा पडलेला असताना ते लावले की आत फक्त दमटपणा वाढतो आणि कोंबड्या जास्त धापतात. पंखा असेल तर तो पक्ष्यांच्या उंचीवर, जाळीच्या बाहेरून लावा. छपरावर १२ ते ३ च्या दरम्यान पाणी मारायला हरकत नाही, फक्त ते आत गळता कामा नये.

आतला भाताच्या तुसाचा थर एरवी ४-६ इंचांचा असतो. उन्हाळ्यात २ इंच पुरे. जागा एका पक्ष्याला ४ चौरस फूट, म्हणजे १० कोंबड्यांना ८ बाय ५ फूट. दांडीवर प्रत्येकीला ३० सेंटिमीटर द्या आणि दांडी छपरापासून किमान दीड फूट खाली ठेवा.

पाणी ‘आहे’ म्हणून समाधान मानणे

एक कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आत पाणी पिते. या उष्म्यात तेच जवळपास दुप्पट होते. म्हणजे १० कोंबड्यांना ४-५ लिटर. पण भांडे भरलेले असूनही त्या पीत नसतील तर बोट बुडवून बघा. छपरावरच्या काळ्या टाकीचे दुपारचे पाणी कोमट नव्हे, गरम असते, आणि गरम पाणी कोंबडी टाळते. विहिरीचे पाणी, मातीचे भांडे, दर दोन-तीन तासांनी बदल. किमान दोन भांडी लांब-लांब ठेवा, नाहीतर एक दांडगी कोंबडी दोन्हींवर राज्य करते. शेडमध्ये निपलवर, म्हणजे चोचीने दाबून पाणी प्यायच्या तोटीवर, वाढलेल्या तलंगांना (तरुण कोंबड्यांना) भांडे म्हणजे काय तेच कळत नाही. एकीची चोच हळूच बुडवली की बाकीच्या बघून शिकतात.

इलेक्ट्रोलाइट (क्षारांची) पावडर पाकिटावरच्या मापाने, फक्त सकाळच्या पाण्यात, तीन दिवस. दुपारी साधे पाणी. अंदाजाने चिमूटभर मीठ टाकणे धोक्याचे आहे, कोंबडीला जादा मीठ सोसत नाही. त्याच कारणाने सुक्या बांगड्यांची डोकी आणि खारे मासे खुराड्यापासून दूर ठेवा. बिनमिठाची गार पेज मात्र उत्तम.

दुपारी खायला घालणे

खाल्लेले पचताना अंगात उष्णता तयार होते. म्हणून खाद्य पहाटे ते ९ पर्यंत आणि पुन्हा संध्याकाळी ५ नंतर. मधल्या वेळी भांडे उचला. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते, पहिले दोन-तीन दिवस त्याहून कमी खाल्ले तर घाबरू नका. विकणाऱ्याकडून तिचे जुने खाद्य २-३ किलो मागून घ्या आणि आठवडाभरात हळूहळू नवे मिसळा. अजून अंड्यावर न आलेल्या तलंगांना लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य, देऊ नका. त्यातला चुना त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. काजूचा हंगाम असल्याने एक बारीक सूचना: अंगणात वाळत घातलेल्या बियांपासून त्यांना लांब ठेवा, सालीतले तेल भाजते.

धाप आणि आजार यांत गल्लत

दुपारी सगळ्याच चोची उघड्या, पंख अंगापासून सुटलेले, हा उष्मा. पहाटे ५ च्या गारव्यातही एखादी धापत असेल, घशात घरघर असेल, नाक गळत असेल, तर तो आजार. पाणी जास्त प्यायल्याने विष्ठा पातळ होते. हिरवी किंवा रक्ताची झाली, किंवा मान वळू लागली, तर थेट पशुवैद्य. आल्या-आल्या लस टोचणे आणि जंताचे औषध देणेही टाळा. राणीखेत या रोगाची लस झाली का ते विकणाऱ्याला विचारा, नसेल तर आठवड्याभराने द्या.

तुरा काळपट पडला, मान खाली टाकली, उभी राहीना, तर सावलीत नेऊन पाय आणि पंखांखालचा भाग साध्या पाण्याने ओला करा आणि वारा घाला. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. घशात पाणी ओतू नका, चोचीच्या कडेला थेंब-थेंब लावा. अर्ध्या तासात उठली नाही तर दवाखाना. वनराजा जातीसारखे भारी अंगाचे पक्षी आधी पडतात. गावठी आणि ग्रामप्रिया जातीच्या जास्त तग धरतात.

अंडी दोन आठवडे बंद झाली तर ते जागाबदलाचे आहे. सालं पातळ येत असतील तर ते धापण्यामुळे. चुन्यासाठी तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, वाळवून, भरड कुटून वेगळ्या वाटीत ठेवा.

जुन्यांत लगेच मिसळणे, आणि घाईने सोडणे

घरी आधीच्या कोंबड्या असतील तर नव्यांना किमान दोन आठवडे वेगळे ठेवा, मधे जाळी, एकमेकींना दिसतील असे. एकाच खुराड्यात दाटी करून ‘भांडून जुळवून घेतील’ हे हिवाळ्यात एकवेळ चालते, मेमध्ये नाही.

जुन्या नसतील तर सहा-सात दिवसांनी पहिल्यांदा सोडायचे ते संध्याकाळी ५ ला, खाद्य घालायच्या आधी. पोट रिकामे असले की लांब जात नाहीत. तासाभराने खाद्य खुराड्यातच घाला. एखादी फणसावर चढून बसली तर तेव्हा तिच्यामागे धावू नका. पूर्ण अंधार पडू द्या, बॅटरी घेऊन हळूच उचला आणि आत दांडीवर, इतरांच्या मधे बसवा. दोन-तीन रात्री असे केले की बहुतेक आपणहून येतात. न येणारी असेल तर आधी आतला थर्मामीटर वाचा, बऱ्याचदा ती खुराड्याच्या उकाड्यालाच टाळत असते.