वाडीतल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय खताकडे कसं वळवायचं

आधी ते "रासायनिक खताने जमीन मेली" वालं भाषण बंद करा. ते सगळ्यांना पाठ आहे आणि तरी लोक युरियाच आणतात, कारण हिशोब सरळ आहे. 45 किलोच्या गोणीत साधारण 20 किलो नत्र, तेवढंच शेणखतातून द्यायचं तर अर्धा टक्का नत्र धरून 4 टन लागतं. आता हे 4 टन, जिथे टेम्पो जात नाही अशा मळ्यात टोपलीने नेणार कोण? पोरं मुंबईला, गोठे रिकामे, गडी मिळत नाही. मी आमच्या काकांना दोन वर्षं गांडूळखताचे फायदे सांगत होतो, ते शांतपणे ऐकून म्हणाले, "तू नेऊन टाक, मी कुठे नको म्हणतोय."

म्हणून खत बांधावरच उगवायचं. जूनमध्ये गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया, ज्याचा पाला खत म्हणून वापरतात ते झाड) अंगठ्यापेक्षा जाड, दोन-तीन फुटी फांद्या बांधावर खोचा. झाडं वाढली की चिखलणीच्या आठवडाभर आधी फांद्या छाटून शेतात पसरायच्या, गुंठ्याला साधारण 30 किलो, पानं गळली की काठ्या उचलून चुलीला. फुकट जळण मिळतंय म्हटल्यावर काकांच्या आधी काकी तयार झाल्या, त्यामुळे बोलणी कुणाशी करायची ते बघा 😄

युरिया पूर्ण सोडा असं तर बोलूच नका, एका हंगामात उत्पन्न पडलं की माणूस परत ऐकत नाही. चारसूत्री भातशेतीत (चार सूत्रांवर बेतलेली भात लावायची पद्धत) गिरिपुष्पाचा पाला आणि युरिया-डीएपी या रासायनिक खतांच्या गोळ्या दोन्ही आहेत, तसंच एका कुणग्यात, म्हणजे भाताच्या छोट्या तुकड्यात, करून दाखवा, तोही पायवाटेच्या कडेचा निवडा, येणारे-जाणारे आपोआप बघतात.

आंब्याचं दुखणं वेगळं. बाग एका सीझनसाठी कराराने दिली की घेणारा पुढच्या पाच वर्षांसाठी शेणखत कशाला टाकेल? तिथे करारवाल्याला समजावत बसू नका, मालकाला गाठा, करार जास्त वर्षांचा करा आणि झाडामागे किती घमेली खत ते त्यात लिहून घ्या. सामाईक सातबारा असेल तर मात्र भाऊबंद एकत्र बसल्याशिवाय काही होत नाही, गणपतीत सगळे येतात तेव्हाच विषय काढा.

आणि जास्त भावाचं गाजर दाखवू नका, आंब्या-काजूला सेंद्रिय सर्टिफिकेट मिळायला आधी साधारण 3 वर्षं रूपांतरात, म्हणजे रासायनिक सोडून सेंद्रियवर येण्यात, जातात.

गिरिपुष्प पहिल्या वर्षी शेळ्यांपासून तेवढं जपा, आमच्या निम्म्या फांद्या त्यांनीच संपवल्या.