कुत्रा आणि मांजर अचानक भांडू लागल्यास या चुका टाळा

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या घरात गेली बावीस वर्षे कुत्री आणि मांजरे एकत्र नांदत आली आहेत. त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाकडे या दोन प्राण्यांची एकाएकी जुंपली, की लोक माझ्याकडे विचारायला येतात. येतात तेव्हा बहुतेकांनी आपल्या मनाने काहीतरी करून ठेवलेले असते, आणि मूळ भांडणापेक्षा त्या उपायांनीच जास्त नुकसान झालेले मी वारंवार पाहिले आहे. त्याच त्या चुका पुन्हा होताना पाहून आता मला खरोखर थकवा आला आहे, म्हणून त्या एकदा लिहून काढते. नव्याने घरी आणलेल्या प्राण्यांची ओळख कशी करून द्यावी हा विषय निराळा आहे. येथे मी वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या आणि एका रात्रीत वैरी झालेल्या जोडीविषयीच बोलत आहे.

अशा जोडीत अचानक भांडण झाले, तर त्याचे कारण बहुधा त्या दोघांच्या नात्याबाहेर असते. एखादा परका बोका, फटाक्यांचा आवाज, कुणाचे तरी दुखणे, दवाखान्यातून अंगावर आलेला अनोळखी वास किंवा मासळीची डोकी. कारण न शोधता केलेला समेट टिकत नाही.

त्याच दिवशी समेट घडवण्याची घाई

ही चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली आहे, म्हणून ती सविस्तर सांगते. आमचा वाघ्या हा गावठी कुत्रा आणि चिमी ही मांजरी पाच वर्षे पडवीत एकाच गोणपाटावर झोपत असत. जुलैमधल्या एका रात्री धो धो पाऊस पडत असताना स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांबाहेर एक परका बोका येऊन बसला. चिमी आतल्या कट्ट्यावर होती. तिची शेपूट फुगली, कान डोक्याला चिकटले आणि तिने घशातून लांबलचक आवाज काढायला सुरुवात केली. काय चालले आहे ते पाहायला वाघ्या आला आणि त्याचे ओले नाक तिच्या मागच्या पायाला लागले. ती गर्रकन वळली आणि जो राग बोक्यावर काढता येत नव्हता तो सगळा वाघ्याच्या तोंडावर काढला. वाघ्या केकाटत पडवीत पळाला, बोकाही निघून गेला, आणि सारे प्रकरण मिनिटभरात संपले.

सकाळी चिमी नेहमीसारखी भात खात होती, म्हणून मी तिला उचलले आणि वाघ्यापाशी नेले. तिला त्याची पुन्हा ओळख पटवून द्यावी, एवढाच माझा हेतू होता. तो दोन हातांवर आला तेव्हा माझ्या तळव्याखाली तिचे काळीज धडधडू लागले, तिचे सारे अंग लाकडासारखे ताठ झाले आणि नखे कापडातून माझ्या खांद्यात रुतली. पुढच्या क्षणी ती माझ्या खांद्यावरून उडी मारून पळाली. तोवर मुकाट्याने उभा असलेला वाघ्या, पळणारे मांजर पाहताच तिच्या मागे लागला. चिमी कौलांवर चढली आणि भर पावसात दीड दिवस खाली उतरली नाही. आदल्या रात्री तिच्या मनात वाघ्याची भीती अर्धवट होती, ती मी माझ्या हाताने पक्की केली. त्यानंतर दोघांना पुन्हा एका खोलीत शांत बसवायला मला सहा आठवडे लागले.

मांजर एकदा भयंकर बिथरले, की त्याच्या शरीरातील उत्तेजना कित्येक तास, कधीकधी काही दिवससुद्धा उतरत नाही. ते वरून खात असेल, अंग चाटत असेल, तरी तेवढ्यावर विश्वास ठेवू नये. तेव्हापासून माझा नियम असा आहे की भांडण झाले की दोघांच्या मध्ये बंद दार, आणि ते किमान तीन दिवस. मांजराला आतल्या खोलीत ठेवावे, तिथे रेतीचे घमेले, पाणी आणि चढून बसायला उंच फळी द्यावी, आणि बोका बाहेरून दिसत असेल तर खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला वर्तमानपत्र चिकटवावे. पहिल्या दिवशी मी कोणताही प्रयोग करत नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या बनियनचा तुकडा कुत्र्याच्या गालांवर फिरवून मांजराच्या खोलीच्या एका कोपऱ्यात ठेवते आणि मांजराच्या अंगावरून फिरवलेला तुकडा कुत्र्याच्या जागी ठेवते. मांजर त्या तुकड्यावर फिस्कारत असेल, तर तो आणखी लांब सरकवते. त्यानंतर बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांचे जेवण मांडते. ताटे आधी दारापासून सहा फुटांवर असतात, आणि दोघेही मान खाली घालून निवांत खाऊ लागले, की दर दिवशी वीतभर पुढे सरकवते. हे जमले, की मगच दार बोटभर उघडायचे, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि दोरी आपल्या हातात ठेवायची, आणि भेट दोन मिनिटांत संपवायची. कुणीही ताठ झाले, टक लावून पाहू लागले किंवा खाणे सोडले, तर निमूटपणे एक पायरी मागे जायचे.

हे ऐकल्यावर लोक मला विचारतात, की याहून लवकर होणारे काही नाही का. मनःशांतीच्या गोळ्या, भिंतीत लावायची सुगंधी उपकरणे, असे पुष्कळ काही सुचवले जाते. पशुवैद्यकाने तपासून दिलेल्या औषधाला माझा विरोध नाही, काही प्राण्यांना त्याचा आधार लागतोच. परंतु दार बंद ठेवण्याचा कंटाळा आला म्हणून औषध मागणाऱ्यांविषयी मला सहानुभूती वाटत नाही. जे नाते जुळायला पाच वर्षे लागली त्यासाठी पाच आठवडे देता येत नसतील, तर प्राणी पाळण्याचा विचारच पुन्हा करावा. आपल्या डब्यातील गोळी तर कधीच देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

कुत्र्याला गुन्हेगार ठरवणे

कुत्रा मोठा असतो, म्हणून मार त्यालाच बसतो. त्यातही तो गुरगुरला म्हणून मारणारे लोक सर्वांत घातक चूक करतात. गुरगुरणे म्हणजे कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना आहे. ती मारून बंद केली, की सूचना जाते आणि चावा मात्र राहतो. शिवाय मांजर आले की आपल्याला मार बसतो, एवढाच धडा तो त्यातून घेतो. मी त्याला काहीही न बोलता बाहेर नेते आणि तो शांत झाल्यावरच आत घेते.

दुखणे न तपासणे

म्हार्दोळला आमच्या परिचयाच्या एका घरी अकरा वर्षांचा कुत्रा होता. मांजराने नेहमीप्रमाणे त्याच्या मानेला डोके घासले, की तो तिच्यावर धावून जाऊ लागला. घरच्यांनी त्याचे वय झाले, तो चिडचिडा झाला, असे म्हणत दोन महिने काढले. शेवटी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेल्यावर कळले, की लोंबत्या कानाच्या आत पावसाळ्याच्या दमटपणात बुरशी होऊन कान सुजला होता. ज्या बाजूने मांजर लाड करत असे, तीच बाजू दुखत होती. कानाचा उपचार पूर्ण झाल्यावर त्याचे धावून जाणेही थांबले. वयस्क कुत्र्याचे सांधे आणि अधू झालेली नजर, मांजराचे किडलेले दात किंवा वाढलेली थायरॉईड ग्रंथी, यांपैकी काहीही स्वभाव एकाएकी पालटण्याला पुरेसे असते. म्हणून समेटाची पहिली पायरी चढण्याआधी दोघांचीही तपासणी करून घ्यावी.

दवाखान्यातून परत आलेल्या प्राण्याला स्पिरिटचा आणि परक्या जनावरांचा वास येत असतो आणि घरातला दुसरा प्राणी त्याला ओळखत नाही. मी परत आलेल्याला एक रात्र वेगळ्या खोलीत त्याच्या जुन्या अंथरुणावर ठेवते. भांडणानंतर मांजराला आंघोळ घालणे हीदेखील याच कारणाने चूक आहे, कारण तिच्या अंगावरचा घरचा ओळखीचा वासच त्यात धुऊन जातो.

थोडक्यात सांगता येण्याजोग्या चुका

भांडणाच्या मध्ये हात घालू नये. मी जाड गोधडी मांजरावर टाकते किंवा दोघांमध्ये मोठे सूप सरकवते. तरीही चावा बसलाच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. मांजराचे दात सुईसारखे असल्यामुळे जखम वरून लगेच मिटते आणि जंतू आत कोंडले जाऊन हात सुजतो. गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, या भरवशावर कुणीही लस टाळू नये.

प्राण्यांच्या जखमेवर हळद भरून गप्प बसू नये. मांजराच्या चाव्याचे गळू तीन-चार दिवसांनी फुगून वर येते. कुत्रा एक डोळा मिटून वावरत असेल, तर बुबुळावर नख लागलेले असू शकते, आणि ते दाखवायला दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. कुत्र्याच्या तोंडात सापडलेले मांजर वरून धड दिसले, तरी आतून चिरडलेले असू शकते. ते तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, तर तत्काळ निघावे.

गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर लावायच्या औषधात परमेथ्रिन असेल, तर ते मांजराला विषारी ठरते. दोघे एकमेकांना चाटत असतील, तर औषध आणण्यापूर्वीच घरात मांजर असल्याचे पशुवैद्यकाला सांगावे.

मासळीच्या बाबतीत आपल्याकडे विशेष काळजी हवी. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ताजी मासळी जेमतेम मिळते, आणि ऑगस्टमध्ये बांगड्यांची डोकी एकाएकी मागील दारी पडू लागतात. दोन महिने शहाण्यासारखी राहिलेली जोडी तिथे एकमेकांवर तुटून पडते. मी मासे न्हाणीत दार लावून साफ करते आणि डोकी उकडून, काटे काढून दोघांना दोन ठिकाणी घालते.

दिवाळीत नरकासुराच्या रात्री तर दोघांना एकत्र मोकळे ठेवूच नये. पहाटेपर्यंत चालणारे ढोल आणि फटाके ऐकून दोघेही एकाच खाटेखाली शिरतात, आणि तिथे कोणाची शेपूट कोणाच्या पायाखाली येईल याचा नेम नसतो. संध्याकाळी दिवेलागणीलाच मी दोघांना वेगळ्या खोल्यांत घालते.

घरी सुटण्यासारखे नसलेले प्रकरण

कुत्रा भुंकत असेल, तर मला फारशी काळजी वाटत नाही. तो तोंड मिटून, अंग खाली घालून, एक शब्द न काढता मांजराकडे टक लावून सरकत असेल, तर ती शिकारीची चाल आहे. त्यातच त्याने एकदा मांजराची मान धरून झटकली असेल, तर ताटे वीतभर सरकवण्याचा माझा उपाय तिथे लागू करू नये. अशा वेळी पशुवैद्यकाचा आणि प्राण्यांच्या वर्तनाच्या जाणकाराचा सल्ला मिळेपर्यंत दोघांना नजरेसमोरही आणू नये. डिचोलीच्या एका घरी असाच प्रसंग आला, तेव्हा त्यांनी जिन्याच्या तोंडाशी जाळीचे दार बसवून घेतले. मांजर वर माडीवर आणि कुत्रा खाली पडवीत अंगणात, अशी व्यवस्था त्यांनी सात वर्षे दोघांच्या अखेरपर्यंत पाळली, आणि त्या दाराची कडी लावण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे ठेवले.